स्वतःचा नातेवाईक

माझ्या मामांना कॅन्सर झाल्याची बातमी देवळीत सर्वांत शेवटी मामांना कळली. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्या घराण्यात आजार हा रुग्णाचा खाजगी मामला कधीच नव्हता. तो आधी मुलाला कळायचा, मग जावयाला, मग भावकीला, मग बाजाराला. रुग्णाला कळला तर कोणीतरी कर्तव्यात चुकलं असं धरलं जाई.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्यात एका दैनिकाचा बातमीदार होतो आणि पिपरी मेघेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मामांचं देवळीच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. साठी उलटली तरी गादीवर तेच बसत. मुलगा कापडाची ठाणं काढून द्यायचा, बोलायचे मामा. त्या रस्त्यावर कापडाची दुकानं आणखीही होती आणि सगळ्यांचा माल नागपूरच्या त्याच बाजारातून यायचा. फरक मामांच्या आवाजाचा होता. रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्या बाईला ते तिच्या नणंदेच्या लग्नाचं कुठवर आलं ते विचारत, आणि ती चप्पल काढून आत येई.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्यांचा आवाज बसला आणि दिवाळी आली तरी उठला नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडून झाला, काढे घेऊन झाले. शेवटी मुलगा त्यांना वर्ध्यातल्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला. अहवाल आल्यावर त्यांनी एकदा मामांकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाले, "पेशंटला बाहेर बसवा."

मामा बाहेर बाकावर बसले. आत मुलगा, जावई आणि मी. डॉक्टरांनी सांगितलं ते असं : स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक राहील. जीव वाचण्याची शक्यता चांगली आहे. आवाज जाईल.

ऑपरेशनची तारीख ठरली. संमतीपत्रावर सही कोणाची, असं मुलानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नातेवाइकांपैकी कोणाचीही चालेल." 'कोणीही' असा माणूस आमच्याकडे नसतो. मुलानं पेन जावयापुढे धरला. जावई जिल्हा परिषदेत लिपिक होते. घरातल्या प्रत्येक कार्यात पहिला टिळा त्यांना, पहिलं पान त्यांना.

"तुमीच करा, जवाईबापू. मान तुमचा हाय."

जावई दोनदा नको म्हणाले आणि तिसऱ्यांदा सही केली, इंग्रजीत. सासऱ्याचं स्वरयंत्र काढायला त्यांची हरकत नव्हती.

"बाबांले काय सांगाचं?" मुलानं विचारलं.

"घसा साफ कराचा हाय म्हणाचं," जावई म्हणाले.

"आन् उठल्यावर?"

जावयांनी विचार केला. "उठल्यावर थे इचारूच नाई शकत."

यात दुष्टपणा नव्हता. त्यांनी फक्त एक अडचण कमी झाल्याचं निदर्शनास आणून दिलं होतं.

तोवर आजाराला सांगण्यासारखं नाव हवं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मुलाला ते सुचलं : कापसाच्या धुळीची ॲलर्जी. कापूस पेरणाऱ्या, वेचणाऱ्या, विकणाऱ्या तालुक्यात कापसाची ॲलर्जी शोधून काढण्याचा निर्णय घाईत झाला, हे आठवड्याभरात स्पष्ट झालं.

मामा व्यवहारी माणूस. आजार कळल्यावर त्यांनी उपाय सुरू केला. सुती ठाणं खाली उतरवून पडेल भावात काढायला लावली. धोतरं, मांजरपाट, सुती लुगडी, सगळं. त्या जागी टेरिकॉट आणि नायलॉन आलं. दुकानातली पिढीजात गादी उचलून फोमची टाकली. तिच्यावर पांढरी चादर टिकेना, सुती चादर चालेना, म्हणून प्लॅस्टिक अंथरलं. त्यावरून मामा गिऱ्हाईकाकडे घसरत. मुलाला हे थांबवता येत नव्हतं. थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मग शेतकरी विचारायला येऊ लागले. "शेटजी, हे लागते काय एकापासून दुसऱ्याले? माह्या घरात तं आढ्यालोक कापूस भरला हाय. पोरगं त्याच्यावरच झोपते." दुकानात बसलेल्या प्रत्येकाला खोकला आठवला. एका आरोग्य केंद्रात कापसाच्या ॲलर्जीचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी वर्ध्याला विचारणा केली आणि ती खबर फिरत फिरत माझ्या टेबलावर आली. मी ती छापायला दिली नाही. उगमस्थान मला माहीत होतं.

त्याच सुमारास वर्ध्यात रुग्णांच्या हक्कांवर एक सभा झाली. डॉक्टरांचा उपचार ग्राहक कायद्याखाली येऊ लागल्याला तेव्हा काही वर्षं झाली होती आणि अशा सभा होत. एका वकिलांनी मुद्दे मांडले : रुग्णाला स्वतःच्या आजाराची माहिती मिळाली पाहिजे, उपचाराचे पर्याय कळले पाहिजेत, संमती त्याची स्वतःची हवी, कागदपत्रं त्याला मिळाली पाहिजेत, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायची मुभा हवी. डॉक्टर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. चहा झाला. बातमी मी केली आणि ती पान तीनवर ठळक लागली.

मामांच्या मुलानं सकाळी पेपर येताच ती कापडाच्या कात्रीनं कापून काढली. मामांच्या हातात मध्ये खिडकी असलेला पेपर पडला.

"हे काय?"

"उंदीर, बाबा."

मामांनी कडेवरून बोट फिरवलं. "उंदीर टेलर हाय काय रे?" ते म्हणाले, आणि पेपर वाचायला समोरच्या कापड दुकानात गेले. समोरच्या दुकानदाराशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्यानं उठून जागा दिली, पेपर दिला, चहा मागवला. त्यावरून मामांना जे समजायचं ते समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटे पिपरी मेघेत माझ्या खोलीवर आले. दारातच वाकून माझ्या पाया पडले. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो आणि सासरा जावयाच्या. ती रीतच आहे, पण तिची अडचण अशी की पाया पडून मागितलेलं भाच्याला नाकारता येत नाही.

"माही फाइल दे."

फाइल माझ्या कपाटावर होती. घर दवाखान्याच्या जवळ, म्हणून ठेवलेली.

"कोणती फाइल?"

"भाचेबुवा, तूच लिहलं ना, कागदं पेशंटले भेटले पाह्यजे म्हणून? का थे दुसऱ्याच्या पेशंटले?"

मी फाइल काढून दिली. ती इंग्रजीत होती. मामांनी ती उघडली नाही, काखेत धरली.

"मामा, काय झालं ते मी सांगू का?"

"तू नको. तू नातेवाईक हायेस." ते पलंगावर बसले. आवाज घोगरा आणि तोकडा, वाक्य मध्येच तुटायचं. "मले अंदाज आला हाय. समोरचा काल म्हणे, तुमच्यासारखा धंदा करणारा पुन्हा होणे नाई. मी जिता हावो, अन् थो 'होणे नाई' म्हणून राह्यला. मामी तुही शनिवार धरून बसली. अन् परवा जवाई माह्या पाया पडले. जवाई! त्याईनं पाय धरले तवाच म्हटलं, ॲलर्जी नाई हे."

"मग?"

"मंग डॉक्टरले इचारलं. थो म्हणते, मुलाशी बोललोय. पोराले इचारलं, तं थो रडते अन् म्हणते धूळ गेली डोळ्यात. डॉक्टर सांगते, पण नातेवाइकाले सांगते. म्हणून मी नातेवाईक होऊन जातो. तू संगं चाल. तोंड उघडू नको."

शहरात कान-नाक-घशाचे दुसरे एक डॉक्टर होते. त्यांनी मामांना पूर्वी पाहिलेलं नव्हतं. आमचा नंबर लागला तेव्हा मामांनी फाइल टेबलावर ठेवली आणि रुग्णाच्या स्टुलावर न बसता शेजारच्या खुर्चीवर बसले.

"पेशंटचे कोण तुम्ही?"

"भाऊ."

"सख्खे?"

"एकदम."

"पेशंट कुठे आहे?"

"देवळीले. दुकानात."

डॉक्टरांनी अहवाल वाचले. मग मान वर करून म्हणाले, "आवाज तुमचाही बसलेला दिसतो."

"आमच्या घराण्याचा आवाजच तसा हाय, साहेब."

डॉक्टर समाधानी झाले. त्यांनी औषधाच्या कंपनीचा एक कोरा कागद ओढला आणि त्यावर घशाचं चित्र काढलं. समजावून सांगण्याची त्यांना हौस होती. इथे स्वरयंत्र, ह्या दोन पट्ट्या, इथे गाठ. कॅन्सरच आहे. ऑपरेशन केलं तर खात्री जास्त, पण आवाज जाईल. गाठ एकाच पट्टीवर असेल आणि पट्टी हलत असेल तर दुसरा रस्ता आहे : किरणांचा उपचार, ज्याला लोक शेक म्हणतात. रोज नागपूरला, कित्येक आठवडे. घसा भाजल्यासारखा होईल, गिळताना त्रास होईल, मध्ये काही दिवस आवाज पूर्ण जाईल. नंतर बहुतेक परत येतो. गाठही कधी कधी परत येते. आली तर ऑपरेशन आहेच.

मामांनी ठाणाचा भाव करावा तसे प्रश्न विचारले. शेकात भरवसा किती? ऑपरेशनात किती? भोक बुजते की नाही? आवाज गेल्यावर बोलायला काही यंत्र मिळते काय?

"मिळतं. गळ्याला लावून बोलायचं. आवाज यंत्रासारखा येतो."

"त्या आवाजात 'या ताई, पातळ पाहा' म्हणता येते काय?"

"म्हणता येतं," डॉक्टर म्हणाले. "ताई येतील असं सांगता येत नाही."

मामा हसले. कॅन्सर शब्द ऐकून झाल्यावर पाच मिनिटांत हसलेला माणूस पाहून डॉक्टरांनी भावाबद्दल काय मत केलं असेल, कोण जाणे. त्यांनी विचारलं, "पेशंटला काही कल्पना आहे?"

"नाई."

"देऊही नका. धीर सुटतो. माझा अनुभव आहे."

"नाई सांगत," मामांनी गंभीरपणे वचन दिलं.

"पण शेक चालेल का, हे पेशंटचा घसा पाहिल्याशिवाय नाही सांगता येणार. त्यांना आणा उद्या."

"आज पाह्यलं तं नाई जमत?"

"आज देवळीहून कसे येतील ते?"

मामा खुर्चीवरून उठले, स्टुलावर बसले आणि तोंड उघडलं.

"आ."

डॉक्टरांनी फाइलीवरचं नाव वाचलं, वय वाचलं, मामांचे पांढरे केस पाहिले. मग त्यांनी पहिली गोष्ट ही केली की चित्राचा कागद उलटा करून ठेवला. त्यांचा आवाजही बदलला.

"आजोबा, काही काळजी करायची नाही. किरकोळ सूज आहे. एकदम ठणठणीत व्हाल."

मामांनी तोंड मिटलं. "साहेब, आत्ताच तं तुमी कॅन्सर म्हणाले."

"ते मी तुमच्या भावाला सांगितलं."

"मंग भावानं मले सांगतलं असं समजा."

"तुम्ही खोटं बोललात माझ्याशी," डॉक्टर रागावले.

"खरं बोललो असतो तं तुमी मले बाहेर बसोलं असतं."

डॉक्टरांनी फाइल बाजूला सारली. "बसवलं असतं," ते म्हणाले. मग त्यांनी कागद सुलटा केला आणि घशात घालायचा लहान आरसा स्पिरिटच्या दिव्यावर गरम करायला घेतला.

तपासणी झाली. गाठ एका पट्टीवर होती, पट्टी हलत होती. शेक चालण्यासारखा होता.

"आता घरच्यांशी बोलून..." डॉक्टरांनी सुरुवात केली आणि सवय लक्षात येऊन थांबले. "तुमचा काय विचार आहे?"

मामा म्हणाले, "आमी ठाण फाडाच्या आंधी गिऱ्हाईकाले दोनदा इचारतो. एकदा फाडलं का मंग जोडता येत नाई. आमाले फाडाचं नाई, साहेब. शेक लिहा."

संध्याकाळी देवळीत, दुकानाचं शटर अर्धं ओढून, मामांनी घरच्यांना फोमच्या गादीवर बसवलं आणि स्वतःच्या आजाराची माहिती दिली. चित्राचा कागद त्यांनी मागून आणला होता. पेन्सिलीनं दाखवत त्यांनी पट्ट्या, गाठ, भोक, किरणं सगळं समजावलं. डॉक्टरांपेक्षा बरं समजावलं. मामी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मुलगा मनसोक्त रडला, या वेळी धुळीचं कारण न देता, आणि डोळे पुसून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मंग सुती माल परत लावाचा काय?"

सगळं सांगून झाल्यावर जावई म्हणाले, "मंग माह्या सहीचं काय?"

कोणाला कळेना.

"ऑपरेशनच्या कागदावर माही सही हाय. तुमीच म्हणाले, मान माहा हाय. आता म्हणता ऑपरेशन नाई. म्हणजे जवायाची सही कचऱ्यात."

"जवाईबापू, गळा माहा हाय," मामा म्हणाले.

"गळ्याबद्दल माहं काई म्हणणं नाई. मी सहीबद्दल बोलून राह्यलो."

ते उठले, चपला घातल्या. मामींचं रडणं आता या कारणासाठी सुरू झालं. मामा घोगऱ्या आवाजात समजावत होते, मुलगा हात जोडत होता. जिवावर आलेलं दुखणं बाजूला राहिलं आणि बैठक जावयाच्या रुसव्यावर चालली. शेवटी मामांनी त्यांचे पाय धरले आणि नागपूरच्या कागदावर तुमची सही राहील, असा शब्द दिला.

नागपूरच्या दवाखान्यात खिडकीमागच्या बाईंनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "पेशंटनं सही करायची." मामांनी केली, मराठीत, सावकाश, दुकानाच्या बिलावर करत तशी. साक्षीदाराची रेघ खाली होती. जावयांनी रेघेच्या पुष्कळ वर सही केली, मामांच्या सहीला समांतर येईल इतकी. त्यानंतर ते प्रसन्न होते.

परिणाम आधी सांगायची सवय बातमीदारीत लागते, म्हणून सांगतो. शेक पूर्ण झाला. उन्हाळ्यात मामांचा आवाज परत आला. पूर्वीचा नाही. पातळ आणि थोडा फाटका, रस्त्याच्या अलीकडच्या बाजूपर्यंत पोचेल इतका. मामांनी तेवढ्या रस्त्यावर धंदा केला. गाठ पुन्हा आली नाही.

पण त्याआधीचे, शेक चालू असतानाचे आठवडे वेगळे होते. मामा नागपुरात एका नातेवाइकांकडे राहत आणि रोज दवाखान्यात जात. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर असे. गळ्यावर जांभळ्या शाईच्या रेघा मारलेल्या, कातडी काळी पडलेली, आवाज जवळजवळ संपलेला. पाण्याची बाटली घेऊन ते बाकावर बसत आणि शेजारच्यांना कुजबुजत विचारत, "तुमाले काय झालं?" उष्णता, कोणी सांगे. जुनी जखम. पोटात वारा. कॅन्सरच्या वॉर्डाबाहेर त्या बाकावर कॅन्सर झालेला माणूस मामांखेरीज कोणी नव्हता.

एक दिवस आर्वीकडची एक बाई शेजारी होती. वय मामांएवढंच. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता.

"पोरगा म्हणते पोटात वारा हाय," ती म्हणाली. "वाऱ्याले रोज शेक देते काय, दादा? मी डॉक्टरले इचारलं तं थे म्हणते, मुलाला पाठवा."

मामांनी खुणेनं विचारलं, मी इचारू?

"इचारा ना बाप्पा. भाऊ हाय म्हणा."

मामा आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि आपल्या जागी बसले. बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"काय म्हणे?"

"थोडी सूज हाय, बाई," मामा कुजबुजले. "उतरून जाईन."

बाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "झाले तुमीबी माहे भाऊ," ती म्हणाली आणि तोंड फिरवून भिंतीकडे पाहत बसली.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. ते उठले, तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि कानाशी वाकून सांगू लागले. वेळ लागला. दोन शब्द, मग पाण्याचा घोट, मग पुन्हा दोन शब्द. मध्ये तिनं "मोठ्यानं सांगा" म्हटलं आणि मामांना ते जमलं नाही, तेव्हा तिनंच कान आणखी जवळ नेला. गर्भपिशवीला कॅन्सर आहे, इतकं मला त्यांच्या ओठांवरून कळलं. ती रडली नाही. सगळं ऐकून तिनं विचारलं, "शेक झाल्यावर वावरात जाता येते काय? निंदाले?"

हे मामांनी विचारलेलं नव्हतं.

"चाला, इचारू," ते म्हणाले.

दोघं दारापर्यंत गेले. नर्सनं अडवलं. आत एकाच माणसाला सोडता येतं, नातेवाइकाला, आणि एक भाऊ तर मघाशीच येऊन गेला, असं तिनं सांगितलं. मामांनी गळ्यावर हात ठेवून आवाज नसल्याची खूण केली.

"मंग मलेच सोडा," बाई म्हणाली. "मी पेशंट हावो."

नर्सला हे उत्तर अपेक्षित नसावं. ती पडदा धरून उभी राहिली, आणि बाई तिच्या हाताखालून वाकून आत गेली.